मत कुणाला दिलं की बीपीटी बदलतं?

आजचा भाग एका मेसेजमुळे झालाय. कॉटन ग्रीनच्या एका मुलानं व्हॉइस नोट पाठवली होती, जेमतेम वीस सेकंदांची. त्यात तो म्हणतो, "आमची जागा बीपीटीची आहे असं लहानपणापासून ऐकतोय. बीपीटी म्हणजे नक्की कोण? सरकार आहे का कंपनी? आणि मत कुणाला दिलं की बीपीटी बदलतं?"

मी ती नोट तीनदा ऐकली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गुगलवर मिळतात. तिसऱ्यापाशी मी अडकलो. म्हणजे बघा, गटार तुंबलं तर नगरसेवक, एसटी बंद झाली तर आमदार, रेल्वेचं काही असेल तर खासदार, हे आपल्याला पाठ असतं. पण बंदराचं काय? बंदराला वॉर्ड नसतो. त्याचा कारभार कोण बघतं, कुणाला जाब देतं, आणि आजूबाजूला राहणाऱ्या माणसांचं त्यात काय असतं, हे शोधत बसलो आणि आठवडा गेला.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. कधी हार्बर लाइननं मस्जिदवरून वडाळ्याकडे जात असाल तर समुद्राच्या बाजूच्या खिडकीशी बसा. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. समुद्र अगदी जवळ आहे, पण दिसत नाही. दिसतात त्या लांबच लांब भिंती, पत्र्याची गोदामं, गंजलेले रूळ, त्यांच्या मधे वाढलेली झाडं, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या वस्त्या. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पूर्व किनाऱ्याची जवळजवळ सगळी पट्टी एका संस्थेची आहे. साधारण १८०० एकर. शिवाजी पार्कच्या हिशोबात बोलायचं तर साठहून जास्त शिवाजी पार्क. मुंबईत इतकी जमीन असणारे मालक हाताच्या बोटांवर मोजता येतील.

ही संस्था म्हणजे पूर्वीचं बॉम्बे पोर्ट ट्रस्ट. कागदावर नाव दोनदा बदललं, आधी मुंबई पोर्ट ट्रस्ट आणि आता मुंबई पोर्ट अथॉरिटी. लोकांच्या तोंडात मात्र 'बीपीटी'च राहिलं. मीही आज बीपीटीच म्हणणार आहे.

आता यातला 'ट्रस्ट' हा शब्द कुठून आला ते ऐका, कारण गोष्ट तिथंच आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून सगळी गिऱ्हाइकं मुंबईकडं वळली. शहरात पैसा नुसता ओसंडून वाहत होता. त्या काळात एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी नावाची एक खाजगी कंपनी पूर्व किनाऱ्यावर भर टाकत होती, धक्के आणि गोदामं बांधत होती. पुढं सरकारच्या लक्षात आलं की असंच चालू राहिलं तर शहराचा सगळा माल एका खाजगी कंपनीच्या दारातून जाणार. तिनं दर वाढवले की सगळ्या व्यापाराचे दर वाढणार. मग सरकारनं ती कंपनीच विकत घेतली आणि १८७३ साली, जूनच्या २६ तारखेला, पोर्ट ट्रस्ट उभं केलं. सावकाराच्या हातातली विहीर गावानं ताब्यात घ्यावी, तसं काहीसं. फक्त विहिरीवर पंच म्हणून बसले ते सरकारी अधिकारी आणि बडे व्यापारी.

ससून डॉकचंही असंच आहे. १८७५ चा, ससून कुटुंबानं स्वतःच्या पैशानं बांधलेला. काही वर्षांतच पोर्ट ट्रस्टनं तो विकत घेतला. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक आला. त्यालाच आपण आज इंदिरा डॉक म्हणतो. १९१५ पासून ट्रस्टची स्वतःची रेल्वे धावायला लागली. पुढं स्वतःचं हॉस्पिटल आलं, वसाहती आल्या. शहरात शहर.

हे ज्यांच्या पाठीवर उभं राहिलं ते गोदी कामगार. सातारा-सांगलीकडचे, कोकणातले, आंध्रातले, उत्तरेतले. आज जहाज आलं तर काम, उद्या नाही आलं तर उपास. सीएसएमटीच्या मागून पी. डिमेलो रोड जातो ना? आपण ओला-उबरवाल्याला सहज सांगतो, 'डिमेलो रोडनं घ्या.' डिमेलो म्हणजे प्लॅसिड डिमेलो, गोदी कामगारांचे पुढारी. संप, तुरुंग, सगळं सोसून या लोकांनी रोजंदारीवरच्या माणसाला हजेरी, पाळी, पगाराची हमी मिळवून दिली. १९४८ साली गोदी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला तोही या रेट्यामुळे. आणि त्याच रेट्यातून आणखी एक गोष्ट मिळाली, ती लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे: बंदराच्या बोर्डात कामगारांच्या प्रतिनिधींना खुर्ची.

थोडं थांबून १९४४ ची गोष्ट सांगतो. बऱ्याच जणांनी ऐकली असेल, पण ती स्फोटाची गोष्ट म्हणून ऐकलेली असते. मला ती कारभाराची गोष्ट वाटते.

एप्रिल महिना, दुसरं महायुद्ध चालू. फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज कराचीहून मुंबईला आलं आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्याच्या जोडीला कापसाच्या गासड्या, शिवाय सोन्याच्या विटा. एरवीचा रिवाज असा की स्फोटकांचं जहाज डॉकमध्ये घ्यायचं नाही. बाहेर समुद्रात थांबवून माल छोट्या होड्यांत उतरवायचा. पण युद्धाची घाई होती, आणि रिवाज बाजूला ठेवला गेला. १४ एप्रिलला दुपारी कापसाला आग लागली आणि चारच्या सुमाराला जहाज फुटलं. अर्ध्या तासानं दुसरा स्फोट. मांडवीपर्यंत आगी लागल्या, शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६० हून जास्त जवान गेले. आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो यामुळेच.

मला यात एकच गोष्ट खटकत राहते. जहाज आत घ्यायचं की बाहेर थांबवायचं हे ज्यांनी ठरवलं, आणि ज्यांच्या डोक्यावर छप्पर कोसळलं, ती दोन वेगळी माणसं होती. मांडवीतल्या चाळीत राहणाऱ्याला त्या जहाजात काय आहे हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

बरं, आता जवळच्या काळात येऊ. १९८९ च्या मे महिन्यात खाडीपलीकडं, उरण तालुक्यात, न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. जेएनपीटी, आताचं जेएनपीए. कंटेनरचा जमाना आला होता. मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं, कंटेनर रचायला मोकळं मैदान लागतं, ट्रेलरना रुंद रस्ता लागतो. मुंबईच्या जुन्या गोदीत यातलं काहीच नव्हतं. तिथं जहाज आत घ्यायचं म्हणजे दरवाजा उघडायचा, पाण्याची पातळी सांभाळायची, आणि बाहेर पडलेला ट्रक भर दुपारी डिमेलो रोडच्या ट्रॅफिकमध्ये. माल हळूहळू पलीकडं गेला. आज जेएनपीए वर्षाला ७० लाखांहून जास्त कंटेनर हाताळतं, वीस फुटी कंटेनरच्या मापानं. मुंबईकडं मुख्यतः कच्चं तेल आणि तेलाचे पदार्थ राहिले. शिवाय पोलाद, परदेशी जाणाऱ्या गाड्या आणि क्रूझ. २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं.

म्हणजे बीपीटीची स्थिती काय झाली? कामगार कमी झाले, आता काम करणाऱ्यांपेक्षा पेन्शन घेणारे कितीतरी जास्त आहेत. जमीन मात्र तेवढीच राहिली, आणि तिची किंमत आकाशाला भिडली. एकेकाळी जहाजांवर चालणारी संस्था आता जमिनीकडं बघत जगते. त्या जमिनीवर भाडेकरू आहेत, गोदामं आहेत, झोपड्या आहेत, दारूखान्यात जुनी जहाजं तोडणारी माणसं आहेत, ससून डॉकला मासळी सोलणाऱ्या बायका आहेत, भाऊच्या धक्क्यावर पहाटे लिलाव करणारे कोळी आहेत.

आणि या सगळ्यांचा निर्णय कोण घेतं? आता आलो मुद्द्यावर.

आपल्या घटनेत बंदरांची वाटणी केलेली आहे. जी 'मेजर' म्हणून जाहीर झाली ती केंद्राची, बाकीची समवर्ती सूचीत, आणि त्यांचा कारभार राज्याकडं. म्हणून तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून मोऱ्याला किंवा रेवसला जाता तेव्हा नकळत एक सीमा ओलांडता. चढलात तो धक्का केंद्राच्या बंदराचा, उतरलात ती जेट्टी राज्याच्या मेरिटाइम बोर्डाची. मी कितीदा गेलोय त्या लाँचनं, वडे खात, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

केंद्राच्या बंदरांसाठी १९६३ चा कायदा होता. २०२१ साली संसदेनं नवा केला, मेजर पोर्ट अथॉरिटीज अ‍ॅक्ट, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तो लागू झाला. देशातली ११ बंदरं त्याखाली येतात. त्यात मुंबई आहे, जेएनपीए आहे, गोव्याचं मुरगाव आहे. 'ट्रस्ट' जाऊन 'अथॉरिटी' आली ती याच कायद्यानं. मी तो कायदा वाचला. कंटाळवाणा आहे, खोटं कशाला बोलू? पण बोर्डाची यादी वाचताना मी उठून बसलो.

बोर्डात कोण कोण बसतं ऐका. एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष. राज्य सरकारचा एक, रेल्वेचा एक, संरक्षण खात्याचा एक, कस्टम्सचा एक. केंद्रानं नेमलेला संचालक दर्जाचा किंवा त्याहून वरचा एक अधिकारी. दोन ते चार 'स्वतंत्र' सदस्य. आणि कर्मचाऱ्यांच्या वतीनं दोन. संपलं. अकरा ते तेरा माणसं, सगळी केंद्र सरकारनं नेमलेली.

कर्मचाऱ्यांच्या त्या दोन खुर्च्या म्हणजे डिमेलोंच्या पिढीनं लढून मिळवलेल्या खुर्च्यांचंच पुढचं रूप. म्हणूनच मघाशी लक्षात ठेवा म्हणालो. जे संघटित होते, ज्यांनी जहाजं अडवून दाखवली, त्यांचं नाव कायद्यात आलं. आता यादीत कोण नाही ते बघा. मुंबई महापालिकेसाठी म्हणून खुर्ची नाही. मच्छीमारांची नाही. भाडेकरूंची नाही. बंदराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुणाचीच नाही. जुन्या कायद्यात जहाजवाले आणि माल पाठवणारे यांच्या संघटनांचे निवडून आलेले विश्वस्त तरी असायचे, तेही आता गेले. त्यामागचा विचार समजतो. ज्याला दर द्यायचे आहेत त्यानंच दर ठरवायला बसू नये, आणि बोर्ड छोटं असलं की निर्णय लवकर होतात. पूर्वी दर ठरवायला केंद्राची वेगळी संस्था होती, आता बोर्ड स्वतः दर ठरवतं. अधिकार वाढले. माझं म्हणणं एवढंच की अधिकार वाढवताना टेबलाभोवतीची माणसं कमी केली, आणि शेजाऱ्याला बोलवायचं राहिलं ते राहिलंच.

'स्वतंत्र सदस्य' म्हणून एखादा कोळी समाजाचा माणूस नेमता येईल का? कायदा अडवत नाही. पण नेमणं दिल्लीच्या हातात.

तर कॉटन ग्रीनच्या मित्रा, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: खासदाराला. बीपीटीची वाट बंदर मंत्रालयाकडं जाते आणि मंत्रालय संसदेला जबाबदार आहे. हिशोब कॅग तपासतं, अहवाल संसदेपुढं ठेवला जातो. म्हणजे तुझ्या गल्लीचा मालक आणि तू यांच्यामधे एक मत आहे, पण ते पाच वर्षांतून एकदा, आणि दिल्लीमार्गे.

याचा रोजच्या जगण्यात काय फरक पडतो? खूप पडतो. शहरात इतर ठिकाणी झोपडपट्टी पुनर्वसन योजना येते, चांगली-वाईट जशी असेल तशी, पण येते. बीपीटीच्या जमिनीवर ती आपोआप येत नाही, कारण जमीन केंद्राची आणि योजना राज्याची. केंद्राच्या संमतीशिवाय पान हलत नाही. नगरसेवक तुमचाच, आमदार तुमचाच, मतदार यादीत तुमचं नाव, पण जमिनीचा विषय निघाला की तिघंही हात वर करतात, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची लबाडी असतेच असं नाही.

भाडेकरूंचं आणखी वेगळं. पागडीच्या घराला जे भाडे नियंत्रण मिळतं ते बीपीटीच्या जागेला लागू नाही. ऐंशीच्या दशकात बंदरानं भाडी वाढवायला घेतली, लोक कोर्टात गेले, आणि प्रकरण वीसेक वर्षं चाललं. पण त्या भांडणातून आपल्याला दोन निकाल मिळाले, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात सामान्य माणसाच्या हाताला लागलेलं सगळ्यात मोलाचं हेच आहे.

पहिला १९८९ चा, द्वारकादास मर्फतिया यांचा खटला. गंमत म्हणजे त्यात भाडेकरू हरला. पण सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भाडे कायद्यातून सूट मिळाली म्हणून बंदराला खाजगी मालकासारखं मन मानेल तसं वागता येणार नाही. सार्वजनिक संस्था आहे, प्रत्येक कृती वाजवी आणि लोकहिताची असली पाहिजे, आणि कोर्ट ते तपासू शकतं. दुसरा २००४ चा, जमशेद वाडिया यांचा. त्यात कोर्टानं भाडेवाढ नाकारली नाही. जमीन सोन्याच्या भावाची आणि भाडं शंभर वर्षांपूर्वीचं, हेही योग्य नाही असंच म्हटलं. पण नफेखोरी करणं, लहर लागली म्हणून घर खाली करून घेणं, हे सरकारी जमीनमालकाला शोभत नाही, ही रेघ स्पष्ट ओढली.

मला हे आवडलं कारण त्यात दोन्ही बाजूंना ऐकवलंय. आपण नेहमी एकच बाजू धरतो. कुलाब्यात समुद्राजवळ जुन्या भाड्यात मोठी जागा धरून बसलेला श्रीमंत भाडेकरू आणि दारूखान्यातला आठ बाय दहाच्या खोलीतला कामगार, दोघंही 'बीपीटीचे भाडेकरू' म्हणून एकाच मोर्चात उभे राहतात. पैसा बंदराचा म्हणजे जनतेचा आहे. तो श्रीमंताला सोडायचा आणि गरिबाकडून वसूल करायचा असं होऊ नये, आणि उलटही आंधळेपणानं होऊ नये. हे ठरवायला त्या टेबलावर दोघांना ओळखणारं कुणीतरी हवं ना?

आता एक अगदी कामाची गोष्ट, स्क्रीनशॉट काढून ठेवा. बंदराच्या जागेतून कुणाला काढायचं असेल तर साध्या कोर्टात जात नाहीत. १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा लागतो. त्यात 'इस्टेट ऑफिसर' सुनावणी घेतो. हा अधिकारी त्याच संस्थेतला असतो. आधी कारणे दाखवा नोटीस येते. तिला उत्तर द्यायचंच, लेखी, पोच घेऊन. 'बघू, काही होत नाही' म्हणून कपाटावर ठेवायची नाही. आणि जागा खाली करण्याचा आदेश निघाला तर अपिलाला मुदत फक्त १२ दिवसांची असते. बारा दिवस! गणपतीला गावी जाऊन यावं तेवढ्यात संपतात. घरात म्हातारी माणसं असतील तर नोटिशीचा फोटो काढून त्याच दिवशी वकिलाला पाठवा.

थोडं पलीकडं, उरणकडं जाऊया, कारण जेएनपीएबद्दल बोलल्याशिवाय हा विषय अर्धाच राहील.

नवी मुंबई आणि न्हावा शेवासाठी जमिनी गेल्या तेव्हा उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, पोलिसांच्या गोळीबारात ५ जण गेले. त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं, जे नंतर इतरत्रही लोक मागायला लागले. जेएनपीटीच्या प्रकल्पग्रस्तांच्या हातात मात्र त्या साडेबारा टक्क्यांची पत्रं २०१४ च्या ऑगस्टमध्ये पडली. जमीन नव्हे हो, पत्रं. १९८४ ला जो विशीत होता तो पन्नाशीला आला होता.

आणि हनुमान कोळीवाडा. बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा उठवला, माणसांना मोऱ्याजवळ नवीन गाव दिलं. त्या गावाला वाळवी लागली. घराच्या चौकटी, दारं, छप्पर, सगळं वाळवीनं खाल्लं. दुसऱ्यांदा पुनर्वसन करा म्हणून ते लोक दशकानुदशकं मागत आलेत. त्यांच्या होड्यांनी जहाजांचा मार्ग अडवला तेव्हा कुठं बातम्या झाल्या. म्हणजे पुन्हा तेच, डिमेलोंच्या वेळचं. जहाज थांबलं की ऐकू येतं.

तिकडं बंदराचा कारभार आता आणखी बदललाय. १९९९ पासून न्हावा शेव्याला खाजगी कंपन्या टर्मिनल चालवतात, आणि २०२२ मध्ये अथॉरिटीनं स्वतःचं कंटेनर टर्मिनलही खाजगी चालकाकडं दिलं. आता ती नुसती जमीनमालक. जागा देते, हिस्सा घेते, नियम बघते. धंद्याच्या हिशोबात हे जमलंय, आकडे सांगतातच. पण त्या काळी ज्या भीतीनं खाजगी कंपनीकडून धक्के काढून घेतले, ते धक्के चालवायला परत खाजगी हातात गेले. यावेळी जमीन सरकारची आहे आणि करार आहेत, एवढा फरक आहे. तो फरक टिकवायचं काम त्या अकरा-तेरा माणसांच्या बोर्डाचं.

वाढवणचं तर अजून एक पाऊल पुढं. पालघर जिल्ह्यातलं हे बंदर ७६,२२० कोटींचं, २०२४ मध्ये मंजूर झालं. तिथं बोर्डही नाही, कंपनी आहे. ७४ टक्के जेएनपीए, २६ टक्के राज्याचं मेरिटाइम बोर्ड. ज्या डहाणूत १९९८ साली न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या प्राधिकरणानं बंदराला नकार दिला होता, तिथंच २०२३ मध्ये त्या प्राधिकरणानं परवानगी दिली. किनाऱ्यावरच्या लोकांना सगळ्यांसमोर बोलायला मिळालं ते पर्यावरण जनसुनावणीत, २०२४ च्या जानेवारीत. वाढवणवर वेगळा भाग करू, तो इथं कोंबत नाही.

मग आपल्या हातात काय? खुर्ची नसली तरी दारं आहेत. आरटीआय बंदराला लागू आहे. १० रुपये, केंद्राच्या पोर्टलवर घरबसल्या. बोर्डाच्या बैठकीत कोणता ठराव झाला, कोणती जमीन किती वर्षांसाठी कुणाला दिली, हे विचारता येतं. नव्या कायद्यानं बोर्डाला आणखी एक मुभा दिली आहे: शिक्षण, आरोग्य, घरं, कौशल्य अशा गोष्टींसाठी बंदराचा पैसा वापरता येतो, आणि त्यात आजूबाजूच्या लोकांचा उल्लेख आहे. हा पैसा गेल्या वर्षी कुठल्या वॉर्डात खर्च झाला, हा पहिला आरटीआय असू शकतो. मी स्वतः टाकणार आहे, उत्तर आलं की वाचून दाखवीन.

शिवाय बीपीटी आता आपल्या जमिनीची नियोजन संस्थाही आहे. २०१८ साली तिनं पूर्व किनाऱ्याचा विकास आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा कायद्यानुसार हरकती-सूचना मागवाव्या लागल्या. उद्यानं, किनाऱ्यानं चालायला वाट, मरिना, ऑफिसं असं बरंच काही त्यात होतं. असे आराखडे परत येतील, दुरुस्त्या येतील. जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते आणि मुदत महिन्याभराची असते. ती वाचणारा प्रत्येक वस्तीत एक तरी पोरगा किंवा पोरगी हवी. मोबाइल तर सगळ्यांकडंच आहे.

कॉटन ग्रीनच्या मित्राला मी हे सगळं रेकॉर्डिंगच्या आधी फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या इथं खासदार आला की लाइटचं नाही, बोर्डाचं विचारायचं." मी म्हटलं, लाइटचंही विचार, पण नंतर.

तुमच्यापैकी कुणी बीपीटी कॉलनीत वाढलं असेल, घरात कुणी गोदीत कामाला होतं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पाळीचे भोंगे, गेटपास, पगाराचा दिवस, काहीही चालेल. पुढच्या भागात त्या ऐकवतो.